घरून काम आणि संगणकाची सुरक्षितता

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि अनेकांची कचेरी घरात आली. टाळेबंदी उठली, तरी ही पद्धत पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. आपल्या सभासदांची मुले-मुलीही घरच्या टेबलावर बसून दूरच्या कंपन्यांचे काम करतात. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कचेरीत आयती मिळणारी सुरक्षा घरी आपली आपणच उभी करावी लागते.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे असतात, हा आमच्याकडील जुना नियम. एक किल्ली चोराला मिळाली तरी तिजोरी उघडत नाही. संगणकाचेही तसेच आहे. पासवर्ड ही पहिली किल्ली, मोबाईलवर येणारा ओटीपी ही दुसरी.

दुसरी किल्ली नसली म्हणजे काय होते? मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीवर चोरांनी हल्ला केला. बाहेरून काम करण्यासाठी दिलेले एक व्हीपीएन खाते वापरात नसूनही चालूच राहिले होते. त्याचा पासवर्ड चोरांना मिळाला, पुढे दुसरी तपासणी नव्हतीच. इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली.

मात्र दुसरी किल्ली आपणच चोराच्या हाती दिली, तर तिचाही उपयोग नाही. जुलै २०२० मध्ये ट्विटरचे कर्मचारी घरून काम करीत असताना चोरांनी त्यांना फोन केले. "आयटी विभागातून बोलतो, व्हीपीएनची अडचण दूर करतो," असे सांगून हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर पासवर्ड भरून घेतला. काहींनी दुसऱ्या तपासणीलाही मंजुरी दिली. मग बराक ओबामांसारख्यांच्या खात्यांवरून लोकांना फसविण्यात आले.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१) वाय-फायच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा.

२) कचेरीच्या संगणकावर मुलांना खेळू देऊ नये. घरात एकच संगणक असल्यास कामासाठी स्वतंत्र खाते उघडावे.

३) अपडेट पुढे ढकलू नयेत.

४) अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला स्क्रीन त्याला दिसेल असे ॲप घेऊ नये.

५) साहेबांच्या नावाने पैशांची मागणी आली, तर आपल्याकडील जुन्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करावी.

६) महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी.

एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. नवी नोकरी, घरातील पहिलाच पगार, म्हणून मुले भीतीने बोलत नाहीत आणि तेवढ्यात नुकसान वाढते. कचेरीला ताबडतोब कळवावे. पैसे गेले असल्यास बँकेला आणि १९३० या क्रमांकावर लगेच सांगावे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवितो. वेळीच कळविले तर ते वाटेत अडविता येण्याची शक्यता असते.

विद्यार्थी मित्रांनी ही माहिती आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगावी, ही विनंती.