'अंधाधुन': शेवटाच्या आडोशाला

श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, आणि त्याचा पियानोवादक नायक आकाश याला शेवटी दिसतं की नाही यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, रूपांतरित पटकथा आणि अभिनेता (आयुष्मान खुराना, विकी कौशलसोबत विभागून) असे राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळवले. तेलुगू, मल्याळम आणि तमिळमध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. हे कौतुक रास्तच आहे. पण शेवटाच्या चर्चेत एक गोष्ट झाकली गेली: या चित्रपटाचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोडीचा नाही, आणि शेवट इतका चलाख आहे की त्याच्या आडोशाला ही कसर खपून जाते. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळी गुपितं उघडी आहेत.)

मूळ बीज ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१० च्या फ्रेंच लघुपटातलं. आंधळेपणाचं सोंग घेतलेला एक पियानोवाला नको ते पाहून बसतो. राघवननी तो पुण्यात आणला आणि बळी म्हणून जुन्या जमान्यातला एक हीरो निवडला. ती भूमिका अनिल धवन यांना देणं हा निवडीचा कळस. 'मुंबईचा जावई'वरून निघालेल्या 'पिया का घर'चे ते नायक, त्यामुळे पडद्यावरच्या प्रमोद सिन्हाचा भूतकाळ वेगळा रचावाच लागत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करायचं म्हणून सिन्हाने आकाशला घरी बोलावलेलं असतं. दार ती बायको, सिमी, उघडते. समोरच्या फ्लॅटमधली म्हातारी पाहतेय म्हणून तिला त्याला आत घ्यावंच लागतं. तो पियानोवर बसतो आणि जमिनीवरचं प्रेत त्याच्या नजरेला पडतं. बोटं थांबवली तर संपला. तो वाजवत राहतो, आणि सिमी व तिचा प्रियकर मनोहर खाणाखुणा करत, पाय न वाजवता प्रेत बॅगेत कोंबतात. प्रसंग जवळजवळ मूकपटासारखा चालतो. पार्श्वसंगीत वाटावं ते खोलीतच वाजतंय आणि तेच आकाशचं एकमेव संरक्षण आहे. सिमी झालेल्या तब्बूचा चेहरा इथे पाहावा: घाबरलेली आणि हिशेबी, दोन्ही एकाच क्षणी. दिसूनही न दिसल्यासारखं वागायचं, या एका अटीवर पूर्वार्धातला सगळा ताण उभा आहे.

सिमीने दिलेल्या प्रसादानंतर आकाश खरोखर आंधळा होतो, तेव्हा ही अट आणखी जाचक व्हायला हवी होती. होतं उलटंच. अवयव विकणाऱ्या टोळीची माणसं नेमकी त्याला सापडतात, अपहरण होतं, खंडणी मागितली जाते. लिफ्टमध्ये अडकलेला मनोहर स्वतःच्याच गोळीने मरतो. सिमीचा रक्तगट दुर्मिळ निघतो आणि टोळीतल्या डॉक्टरला ती हवीच होते. कथा पळते, हसवतेही. पण दिसण्या-न-दिसण्याचा मूळ प्रश्न मागे पडतो. आकाशची प्रेयसी सोफी (राधिका आपटे) तर अर्ध्या वाटेत गायब होते आणि शेवटी गोष्ट ऐकायला परत येते.

यावर कोणी म्हणेल, ही ब्लॅक कॉमेडी आहे, योगायोग तिचं भांडवलच. मान्य. पण नायकाला अडचणीत टाकणारा योगायोग प्रेक्षक आनंदाने पचवतो. अडचणीतून सोडवणारा घशात अडकतो. आकाशने नेमकं खुनाच्या वेळी दार वाजवणं पहिल्या जातीचं, मनोहरचा लिफ्टमधला मृत्यू दुसऱ्या. दुसरा बचाव अधिक तगडा आहे: ही सगळी हकिकत आकाशच सोफीला सांगतोय, तो काठीने वाटेतला डबा उडवतो म्हणजे खोटारडा ठरतो, मग अशक्य योगायोग म्हणजे त्याच्याच थापा. हे मान्य केलं तर थाप सुरू कुठून होते ते सांगावं लागेल. ती शेवटाकडच्या, डॉक्टरच्या गाडीतल्या प्रसंगापासून सुरू होत असेल, तर आधीची टोळी, लिफ्ट, खंडणी हे सगळं खरंच ठरतं आणि आक्षेप शाबूत राहतो. सगळंच थाप असेल, तर पियानोजवळचा तो थरारही हातचा जातो. शिवाय मनोहर आणि त्याच्या बायकोतली जुंपलेली भांडणं आकाशने पाहिलेलीच नाहीत. चित्रपट ती सरळ आपल्याला दाखवतो. निवेदक अविश्वसनीय ठेवायचा तर त्याचे नियम सुरुवातीपासून पाळायला हवेत, शेवटच्या मिनिटाला लागू करून चालत नाही.

तरीही पूर्वार्धाच्या तोडीचं हिंदीत फार थोडं सापडेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत आवळत जाणारी पटकथा हवी असेल, तर राघवन यांचाच 'जॉनी गद्दार' (२००७) काढून पाहा. तिथे खुनी कोण हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि पुढचं प्रत्येक संकट त्याने आधी केलेल्या कृत्यातूनच उगवतं. माझ्या लेखी तो 'अंधाधुन'पेक्षा सरस आहे.