पन्नास मिलिग्रॅमचा हिशेब

रोवणीत कंबर धरली की गडचिरोली-चंद्रपूरकडे डायक्लोफिनॅकची गोळी घेतली जाते, ५० मिलिग्रॅमची. दुखणं थांबतं. डॉक्टरला न विचारता रोज घेत राहिलं, तर जठरात व्रण, मूत्रपिंडाला इजा आणि हृदयविकाराचा धोका. माणसापुरतं हे एवढं.

पांढऱ्या पाठीचं गिधाड भरतं पाचेक किलो. अर्धा ते एक मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक पोटात गेलं, तर त्यांतली निम्मी दगावतात. म्हणजे आपल्या एका गोळीत अशा ५० ते १०० मात्रा! आणि ४०० किलोच्या लंगडत्या बैलाला एका वेळी टोचायचे ते जवळपास १,००० मिलिग्रॅम. तो बैल लगेच मेला की मढ्यावर गिधाडं डझनांनी उतरायची. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद. मेलेलं गिधाड चिरलं की यकृतावर, हृदयावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. ते साठलेलं युरिक ॲसिड.

मला सर्वांत हादरवणारा आकडा २००४ सालचा आहे. गिधाडं ज्या वेगाने घटली, त्याला किती मढी विषारी असणं पुरेसं होतं? संशोधकांचं उत्तर: १३० ते ७६० मढ्यांमागे फक्त एक. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गिधाडं गेली. हजारातलं एक उरलं. जोडी वर्षाला अंडं घालते एकच, त्यामुळे भर पडणार ती अतिशय सावकाश. मढी खायला कोणी उरलं नाही; ती कुजत राहिली, मोकाट कुत्री वाढली, रोगराई पसरली. २००० ते २००५ या पाच वर्षांत त्यापायी सुमारे पाच लाख जादा माणसं मेली, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे.

जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरवर आणली. गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायच्या जागा केल्या. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून दहा गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली. त्यांतलं एक, सुटल्यावर, थेट तामिळनाडूत पोचलं. वाटेतल्या प्रत्येक गावचं मढं त्याला निर्धोक मिळायला हवं. गुरांसाठी मेलॉक्झिकॅम आहे. गिधाडांना ते बाधत नाही, आणि सुजेवर चालतं. बैल लंगडला तर गुरांच्या डॉक्टरकडे तेच मागा.