नळ्या नकोत, वेदना थांबवा

डहाणूजवळच्या गंजाड गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी वैद्यकीय इच्छापत्र करायचं ठरवलं आणि लिहायला मला बसवलं. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सूनबाईंनी विचारलं, "उद्या यांना साप चावला, तर हा कागद बघून इंजेक्शन देणार नाहीत का?"

प्रश्न अगदी रास्त होता. इथून पेशंटला कासा किंवा डहाणूला, तिथून सिल्वासा-वलसाडला हलवेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. उपचार मिळवायलाच एवढी धडपड, तिथे उपचार नाकारणारा कागद कुणालाही उलटाच वाटेल. म्हणून आम्ही आधी तेच लिहिलं: सर्पदंश, अपघात, न्यूमोनिया, जे जे बरं होण्यासारखं आहे त्यावर सगळे उपचार करा. आजार शेवटाला गेला असेल, सुधारण्याची आशा नसेल आणि मला बोलता-समजता येत नसेल, तेव्हाच पुढचं लागू. त्या वेळी व्हेंटिलेटर नको. हृदय थांबलं, तर छाती दाबून किंवा शॉक देऊन ते चालू करू नका. दुखणं आणि धाप कमी करणारी औषधं मात्र शेवटपर्यंत द्या. हे वाक्य गुरुजींनी पुन्हा वाचायला लावलं.

असं इच्छापत्र करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. प्रत सांभाळण्यासाठी स्थानिक संस्थेचा अधिकारी असावा, असंही त्या निकालात आहे आणि त्यात पंचायतीचा स्पष्ट उल्लेख आहे. असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं, याची खंत वाटते.

कागद दाखवला की उपचार लगेच थांबतात, असंही नाही. आधी तीन डॉक्टरांचं मंडळ पाहतं, मग दुसरं मंडळ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. अचानक हृदय थांबलं आणि डॉक्टरला काहीच माहीत नसेल, तर तो छाती दाबणारच, आणि तेच योग्य आहे.

म्हणजे डॉक्टरला कागदाबद्दल सांगणारं कुणीतरी सोबत हवं. त्यामुळे सर्वांत जास्त वेळ गेला तो गुरुजींच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं ठरवण्यात. गुरुजींनी वापीला नोकरी करणाऱ्या मुलाचं नाव सांगितलं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, गाडीत तुमच्यासोबत मीच असणार ना?" दोघांचीही नावं घातली, तिचं आधी. वलसाडच्या डॉक्टरांना वाचता यावी म्हणून एक इंग्रजी प्रतही करायला घेतली.