क्रीमशिवाय मलईदार : लाल भोपळ्याचा इटालियन भात

काही दिवसांपूर्वी एक सत्तरीचे गृहस्थ आपल्या सुनेबरोबर तपासणीसाठी आले. मधुमेह जुना, हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेला आणि तोंडात नवी कवळी. कवळी बोचते म्हणून भाकरी बंद, उसळ बंद, फळे बंद. दोन महिन्यांत वजन चार किलोने उतरले होते.

सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, टीव्हीवर लाल भोपळ्याचा इटालियन भात दाखवला होता. रिसोटो म्हणतात त्याला. मी करून पाहिला आणि किती दिवसांनी बाबांनी ताट स्वच्छ केलं. पण त्यात क्रीमचं अख्खं पाकीट गेलंय. चालेल का हो त्यांना?"

सासरेबुवा मध्येच म्हणाले, "चालेल म्हणा डॉक्टर. नाहीतर घरी गेल्यावर पुन्हा मऊ भात आणि मेतकूट!"

प्रश्न वरवर साधा वाटतो. पण ज्या घरात एखादी वृद्ध व्यक्ती जेवणावरून उठू लागली आहे, त्या घराला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. म्हणून आज या पदार्थाची सविस्तर माहिती घेऊ. उत्तर आधीच सांगतो : भात चालेल, क्रीम नको. आणि गंमत अशी, की ज्या देशातून हा पदार्थ आला तेथील मूळ कृतीतही क्रीम नसते.

मूळ कोठले?

रिसोटो हा उत्तर इटलीतील पदार्थ. इटली म्हटले की आपल्याला शेवया, मॅकरोनी आणि पिझ्झा आठवतो. परंतु तेथील पो नदीच्या खोऱ्यात पंधराव्या शतकापासून भातशेती होते. व्हेर्चेल्ली, नोव्हारा, पाव्हिया या भागांत वसंत ऋतूत पाण्याने भरलेली खाचरे दूरवर पसरलेली दिसतात. आज युरोपीय संघात सर्वाधिक तांदूळ पिकवणारा देश इटलीच आहे. याच खोऱ्यातील मांतोव्हा शहराचा परिसर लाल भोपळ्यासाठी प्रसिद्ध. तेथे हिवाळ्यात भोपळ्याचे सारण भरलेले पास्ते करतात, तसाच भोपळ्याचा रिसोटोही करतात.

भोपळा मात्र मूळचा ना त्यांचा, ना आपला. तो अमेरिका खंडातला. १४९२ नंतर, म्हणजे कोलंबसाच्या सफरीनंतर, तो युरोपात पोहोचला व पुढे आपल्याकडेही रुजला. कुठे त्याला तांबडा भोपळा म्हणतात, कुठे डांगर. जाड सालीचा, पूर्ण पिकवून काढलेला, कोरड्या जागी काही महिने टिकणारा म्हणून थंड देशांत तो हिवाळ्याचा भोपळा ठरला. आपल्या बाजारात तो बारमाही मिळतो, हे आपले भाग्य.

मलई येते कोठून?

तांदळात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असतो. त्याचे दोन प्रकार आहेत. अमायलोज जास्त असलेला तांदूळ शिजल्यावर मोकळा राहतो, उदाहरणार्थ बासमती. अमायलोपेक्टिन जास्त असलेला तांदूळ मऊ आणि चिकट होतो. रिसोटोसाठी इटलीत आरबोरिओ, कार्नारोली किंवा व्हियालोने नानो या जातींचे आखूड, जाड दाणे वापरतात. दाण्याच्या बाहेरच्या थरातील पिष्ट गरम पाण्यात सुटते, लाकडी चमच्याने ढवळताना दाणे एकमेकांवर घासून आणखी सुटते, आणि पातेल्यातील पाणी दाट होते. दाण्याचा गाभा मात्र किंचित घट्ट राहतो. शेवटी आचेवरून उतरवून थोडे लोणी व किसलेले चीज घातले की त्यातील स्निग्धांश या पिष्टाच्या पाण्यात एकजीव होतो. हीच ती मलई. ताट कलते केले तर भात लाटेसारखा पसरला पाहिजे, अशी तेथील पारख आहे.

आपल्याकडील गुरगुट्या भात करणाऱ्या आजीला हे निराळे सांगावे लागणार नाही. तिलाही ठाऊक असते, की चांगला तांदूळ आणि पुरेसा वेळ दिला तर दाटपणा भातातूनच येतो.

आता क्रीमचा हिशेब पाहू. २५ टक्के स्निग्धांश असलेल्या २०० मिलिलिटर क्रीममध्ये सुमारे ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. चौघांत वाटले तरी प्रत्येकाच्या पोटात साडेबारा ग्रॅम जातात आणि शंभराहून अधिक उष्मांक वाढतात. त्यातील बराचसा भाग संपृक्त स्निग्धांचा, म्हणजे हृदयरोग्याने नेमका टाळावा असा. जे काम तांदूळ फुकट करतो, त्यासाठी हा भार कशाला?

घरी कसा करावा? (चौघांसाठी)

साहित्य : तांदूळ २४० ग्रॅम, साल व बिया काढलेला लाल भोपळा ६०० ग्रॅम, एक मध्यम कांदा, एक मोठा चमचा तेल, लोणी २० ग्रॅम, किसलेले चीज ४० ग्रॅम, मिरपूड, किंचित जायफळ, अर्धे लिंबू.

इटालियन तांदूळ मोठ्या शहरांत मिळतो, पण महाग पडतो. त्याऐवजी इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्यावा. चव तंतोतंत तीच येणार नाही, मात्र दाटपणा उत्तम येतो. इटलीत हा तांदूळ धूत नाहीत, कारण वरचे पिष्ट वाहून जाते. आपण सुटा तांदूळ आणत असू तर निवडून एकदाच झटपट धुवावा आणि चाळणीत पूर्ण निथळू द्यावा.

प्रथम गाजर, कांदा, कोथिंबिरीचे देठ व चार मिरे सव्वा लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळून घ्यावेत. हे पाणी शेजारच्या शेगडीवर गरमच ठेवावे. बाजारातील सूपच्या वड्या वापरू नयेत. त्यांत मीठ फार असते.

जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर मऊ करावा, तांबूस करू नये. भोपळ्याच्या लहान फोडी घालून झाकण ठेवावे. १२ ते १५ मिनिटांत त्या मऊ झाल्या की डावाने घोटाव्यात. त्यात तांदूळ घालून दोन-तीन मिनिटे परतावा. या परतण्याने दाणा लगेच फुटत नाही. मग एकेक डाव गरम पाणी घालत जावे; आधीचे जिरले की पुढचे. मधूनमधून ढवळावे. इटालियन तांदळाला १८ ते २० मिनिटे लागतात. इंद्रायणी लवकर शिजतो, म्हणून १२ मिनिटांनंतर दाणा चाखून पाहावा आणि तो हलक्या हाताने ढवळावा. नाहीतर त्याची खळ होते. पाणी एक लिटरच्या आसपास लागेल. सगळे लागलेच पाहिजे असे नाही.

दाणा मऊ झाला, पण भात अजून सैल आहे, अशा वेळी पातेले उतरवावे. लोणी, चीज, मिरपूड व जायफळ घालून मिनिटभर घोटावे आणि दोन मिनिटे झाकून ठेवावे. इटलीत आंबटपणासाठी सुरुवातीला थोडी पांढरी वाइन घालतात. आपले काम शेवटी पिळलेल्या लिंबाने होते. मीठ सर्वांत शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण चीजमध्ये ते असतेच.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. तेथे वापरले जाणारे अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. म्हणून चीज घेताना पाकिटावरील हिरवी खूण पाहावी.

भोपळ्याचे गुण

लाल भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. गोड लागतो म्हणून मधुमेही तो टाळतात; पण शंभर ग्रॅम भोपळ्यात साधारणतः ३० ते ४५ उष्मांक असतात. भाजी म्हणून तो बेताने खाण्यास हरकत नाही. त्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. डोळे, त्वचा व रोगप्रतिकारशक्ती यांसाठी ते आवश्यक आहे. याच्या अभावाने बालकांना रातांधळेपणा व पुढे अंधत्व येत असे, म्हणून आपल्या देशात १९७० मध्ये 'अ' जीवनसत्त्व देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कॅरोटीन शोषले जाण्यास थोडा स्निग्धांश लागतो, आणि भोपळा शिजवून घोटला की ते अधिक सहज मिळते. या दृष्टीने चमचाभर तेल व थोडे लोणी येथे योग्यच आहे.

महिनोन्‌महिने रोज खूप भोपळा, गाजर खाल्ल्यास तळहात पिवळसर होऊ शकतात. त्याने अपाय नाही. मात्र डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा दिसला तर ती कावीळ समजून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. आणि भोपळ्याची फोड कडू लागली तर तो शिजवू नये, सरळ टाकून द्यावा. कडूपणा देणारे विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही.

सावधगिरी कोणी घ्यावी?

मधुमेही : खरी मेख येथे आहे. ज्या पिष्टामुळे हा भात मलईदार होतो, तेच लवकर पचून रक्तातील साखर वेगाने वाढवते. म्हणून दोष भोपळ्याला न देता तांदूळ मोजावा. वरील प्रमाणात माणशी ६० ग्रॅम कच्चा तांदूळ येतो आणि एका वाढणीत सुमारे ३७० उष्मांक होतात. एवढ्यावर थांबावे. इटलीतही रिसोटो हा जेवणाचा पहिला भाग असतो. ताट भरभरून खाण्याचा नव्हे. त्या जेवणात पोळी किंवा दुसरा भात घेऊ नये. आधी वाटीभर घट्ट मुगाचे वरण किंवा दही घ्यावे. भातातच ओले मटार घातले तरी उत्तम. व्हेनिसकडे तांदूळ-मटारचा असा पदार्थ पूर्वापार आहे. घरी यंत्र असेल तर जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासावी. आपल्याला किती वाढणी मानवते, हे त्यावरूनच कळेल.

हृदयरोग व रक्तदाब : लोणी निम्मे करावे, चीज २० ग्रॅमवर आणावे. दिवसभराचे मीठ एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, हे ध्यानात ठेवावे.

मूत्रपिंडाचे रुग्ण : भोपळ्यात पोटॅशियम बरेच असते. ज्यांना ते कमी ठेवण्यास सांगितले आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा.

पक्षाघातानंतर गिळण्याचा त्रास असणारे : पातळ पाणी आणि त्यात सुटे दाणे हे मिश्रण त्यांना ठसका लावते. त्यांच्यासाठी भात सैल न ठेवता गुळगुळीत, दाट घोटावा व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तान्ही मुले : सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी मीठ व चीज घालण्यापूर्वीच वाटीभर भात बाजूला काढून पूर्ण मऊ शिजवावा व घोटून भरवावा.

उरला तर?

शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर ठेवू नये. तांदळातील काही जिवाणूंची बीजे शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला की ती वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब होतात, वृद्धांना ते जड जाते. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवावा. फ्रिज नसेल तर मोजकाच करावा. तसाही हा भात ताजाच चांगला लागतो. थांबला की घट्ट होतो.

शेवटी त्या आजोबांविषयी. त्यांना आठवड्यातून दोनदा हा भात, क्रीमशिवाय आणि मोजून, खाण्याची परवानगी दिली. पण त्याचबरोबर कवळी घेऊन दंतवैद्याकडे पाठवले आणि रक्ताच्या तपासण्याही करून घेतल्या. वृद्धांचे वजन उतरू लागले की "वयच झाले" किंवा "दात नाहीत" असे म्हणून गप्प बसू नये. वाढलेली साखर, थायरॉइड, क्षयरोग, मनाचा विषाद, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. मऊ जेवण हा तात्पुरता आधार आहे, उपचार नव्हे.

तपासणीत साखर वाढलेली आढळली, औषध बदलले. कवळी दोनदा घासून नीट बसली. पुढच्या भेटीत वजन दीड किलोने वाढले होते. सूनबाईंना विचारले, "रिसोटो कसा चाललाय?" त्या हसून म्हणाल्या, "क्रीम नाही हे त्यांना अजून कळलेलंच नाही!"