घाम आणि पाझर

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी औराद आणि उदगीर हे दोन्ही तालुके एकाच बीदर जिल्ह्यात होते. पुढे उदगीर मुंबई राज्यात गेले, औराद म्हैसूर राज्यात आले, परंतु सोयरिकींनी ती सरहद्द कधी मानली नाही, आणि म्हणूनच ज्येष्ठाच्या अखेरीस उदगीरचे एक बारसे आटोपून आम्ही पाच माणसे मामांच्या मोटारीतून औरादकडे परतत होतो. वाटेत जोराची सर आली, काचा चढल्या, आणि दोन कोस जाण्याच्या आत समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. मामांनी खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली, ती पुन्हा धुरकटली, पुन्हा पुसली, आणि तेवढ्यात समोरून आलेल्या मालमोटारीचे दिवे त्या ओल्या, रेघाळलेल्या काचेवर असे फुटले की रस्ता कोणता आणि रस्त्याची कड कोणती हे क्षणभर कळेनासे झाले. अपघात टळला. परंतु मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाने हा विषय नीट समजून घेतला पाहिजे, असे मला त्या रात्रीपासून कळकळीने वाटत आले आहे.

उन्हाळ्यात मातीचा माठ बाहेरून ओला असतो, ते पाणी माठातलेच, छिद्राछिद्रांतून पाझरलेले. फ्रिजमधले पाणी ओतलेला पितळी तांब्याही बाहेरून ओला होतो, पण ते पाणी तांब्यातले नव्हे, भोवतालच्या हवेतले. मोटारीच्या काचेवर जमते ते पाणी तांब्याच्या घामासारखे. मात्र त्या घामाला बाष्प पुरवणारा एखादा पाझर पुष्कळदा गाडीतच कुठे तरी दडलेला असतो, आणि निदान करायचे ते नेमके याचेच.

काचेवरचा हा घाम म्हणजे एक प्रकारचे दवच, आणि दव आकाशातून पडते ही समजूत फार जुनी. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने लंडनजवळ लोकरीचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवून, सकाळी त्यांचे वजन करून, दव हे थंड झालेल्या वस्तूवर हवेतील बाष्पाचे पाणी झाल्यामुळे जमते असे दाखवले, आणि १८१४ मध्ये त्यावरील प्रबंध प्रसिद्ध केला. हवा जितकी उष्ण तितके अधिक बाष्प ती धारण करते: ३० अंश सेल्सियसला घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांना १७, तर १० अंशांना अवघे ९. मोटारीच्या आतील जागा सुमारे ३ घनमीटर धरली, तर २० अंशांना त्या हवेत पन्नासएक ग्रॅम पाणी मावते. आणि स्वस्थ बसलेला एक माणूस श्वास व त्वचा यांवाटे ताशी ४० ग्रॅमांच्या आसपास बाष्प सोडतो. पाच माणसे, पाचांचे भिजलेले कपडे, पायाशी निथळत्या छत्र्या, आणि पावसाने गार झालेली काच! एवढ्या पाण्यापुढे मामांचा पंचा काय करणार?

तातडीचा उपाय एसीची कळ दाबण्याचा आहे, आणि नेमका तोच लोक टाळतात, कारण एसी म्हणजे गारवा एवढाच अर्थ आपल्या मनात रुजला आहे. वस्तुतः एसीच्या थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि नळीवाटे ते गाडीखाली ठिबकते. म्हणजे ते यंत्र हवा वाळवते. म्हणून एसी चालू ठेवावा, उष्णतेची कळ गरमकडे वळवावी, झोत समोरच्या काचेवर सोडावा, आणि आतलीच हवा फिरवण्याची कळ बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. ॲम्बॅसेडर आणि फियाट गाड्यांना दाराच्या पुढल्या बाजूस जी त्रिकोणी काच असे, ती किंचित वळवली की हवा खेळती राही. आज काच बोटभर खाली केली तरी पुष्कळ भागते. धुके वायपरने पुसले गेले तर ते बाहेरच्या अंगाचे आहे असे समजावे. एसीचा गार झोत काचेवर धरल्याने दमट हवेत तसे होते, आणि तेथे झोत काचेवरून काढणे हाच इलाज.

परंतु कोरड्या दिवशीही, एकटे बसलेले असतानाही काच धुरकटत असेल, तर पाझराचा पंचनामा केलाच पाहिजे. मॅटिंगखाली चारही बाजूंना वर्तमानपत्राचे कागद पसरावे आणि सकाळी कोणता भिजला ते पाहावे. आमच्याकडची काळी माती चपलेला गोळ्यांनी चिकटते आणि दिवसचे दिवस ओल सोडत नाही. तेव्हा चारही कागद सारखेच दमट झाले, तर आधी पायपोस बाहेर काढून वाळवावेत. डिक्कीत वा दाराशी ओल सापडली तर रबरी बीडिंग तपासावे. एकाने बाहेरून नळीने पाणी सोडावे, दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसावे. गाडी लिंबाखाली उभी राहत असेल, तर काचेच्या पायथ्याशी पाला साचून पाण्याची वाट बुजते. काचेवर तेलकट थर, गाडीत गोडसर वास, आणि कूलंटची पातळी उतरत चाललेली, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर हीटर कॉइल गळत आहे असे धरून मिस्त्रीकडे जाण्यास विलंब लावू नये. एसीचा फिल्टर धुळीने चोंदला असेल, तर झोतच क्षीण होतो. आणि काच आतून स्वच्छ असावी, कारण धुळीच्या व धुराच्या थरावर बाष्प लवकर धरते.

मामांच्या गाडीत डाव्या बाजूचा पुढचा कागद चिंब निघाला. एसीच्या पाण्याची नळी चिखलाने बुजली होती आणि उन्हाळाभर ते पाणी बाहेर न पडता मॅटिंगखालच्या जाड नमद्यात मुरत होते. मिस्त्रीने नळीच्या तोंडाशी बारीक तार घालताच पेलाभर गढूळ पाणी जमिनीवर पडले. नमदा काढून आम्ही अंगणातल्या बाजेवर घातला. वरून तो पहिल्याच दिवशी कोरडा वाटला, पण मधोमध अंगठा दाबला की तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी वर येत होते.