63 अपेक्षित, मिळालं ‘नॅन’

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच करणारा जावा प्रोग्राममधला छोटा क्लास. दोन अधिक तीन पाच होतात, हे तपासायला युनिट टेस्ट कशाला लिहायची? नांदेडच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीचा हा प्रश्न.

दोन अधिक तीनचा प्रश्नच नाही. जावातल्या ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांकांच्या प्रकारात, 2147483647 घ्या आणि 1 मिळवा. उत्तर येतं उणे 2147483648, आणि प्रोग्राम चकार शब्द काढत नाही. चूक दबा धरून बसते ती अशी काठावर.

भागाकार तर फारच रंगतदार. 7 ला 0 नं भागा. संख्या ‘इंट’ असेल तर जावा एक्सेप्शन देतो. ‘डबल’, म्हणजे दशांशांची, असेल तर निमूटपणे ‘इन्फिनिटी’ हातात ठेवतो. तिच्यात 5 मिळवा, हजार वजा करा, ती तशीच. अगदी हेच भास्कराचार्यांनी 1150 मध्ये आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ‘खहर’ म्हणजे शून्यानं भागलेल्या राशीबद्दल सांगितलं: कितीही मिळवा-काढा, ती अच्युतासारखी अविकारी!

आता त्यांच्याच ‘लीलावती’ ग्रंथातलं उदाहरण घ्या. एका संख्येला शून्यानं गुणलं, आलेल्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिप्पट केली, शून्यानं भागलं, आले 63. संख्या कोणती? आचार्यांचं उत्तर 14. मग टेस्ट लिहा: द्यायचे 14, अपेक्षित 63. टेस्ट लाल, म्हणजे नापास! ‘डबल’मध्ये मिळतं ‘नॅन’, म्हणजे संख्याच नव्हे. क्लासनं 14 गुणिले 0 चं लगेच 0 केलं, तिथेच 14 हरवले. आचार्यांचा नियम असा की पुढची क्रिया बाकी असेल तर शून्य गुणक म्हणून राखून ठेवायचं. शून्यानं भागायची वेळ आली की दोन्ही शून्यं एकमेकांना छेदून जातात. आजचं अंकगणित ही मुभा देत नाही, पण लिमिटची चाहूल मला त्यात स्पष्ट ऐकू येते.

या ग्रंथांवर टीका लिहिणारे सूर्यदास आपल्या मराठवाड्याचे, गोदाकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे पाथरीचे. ‘सिद्धान्तसुन्दर’कार ज्ञानराजांचे हे पुत्र. बीजगणितावरची त्यांची टीका 1538 ची, लीलावतीवरची 1541 ची. जावातल्या टेस्ट लिहायचं साधन जेयुनिट घडवणारे केंट बेक आणि एरिक गामा आपल्या मुलांना ठाऊक असतात, ते असावेतच. पण सूर्यदासांचं नाव मराठवाड्यातल्याच नांदेडच्या वर्गातही निघायला हवं.

पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. टेस्ट लिहिताना आधी आपल्यालाच ठरवावं लागतं: शून्यानं भाग आला तर थांबायचं, इन्फिनिटी द्यायची, की नॅन? हिशोबाच्या क्लासनं थांबावं, असं माझं ठाम मत. पगारपत्रकात एका ओळीत नॅन शिरलं, तर खालची एकूण बेरीजही नॅनच होते.