द्रौपदी–कर्ण: व्यासांनी न जुळवलेली जोडी

भरसभेत द्रौपदीला हीन शब्द वापरणारा कर्णच वाचकांनी मनोमन तिच्याशी जोडला. महाभारताच्या संहितेत अशा प्रेमाला आधार नाही. स्वयंवरातला ‘सूताला वरणार नाही’ हा तिचा नकारसुद्धा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने (पूर्ण १९६६) मुख्य पाठाबाहेर ठेवला. तरी ओढ कशाची? दोघेही मानी, दोघेही अपमानित. आणि पाच नवरे असून ती सभेत एकटी पडली, हे वाचकाला सलतं. शिवाय जे घडलंच नाही, तिथेच कल्पनेला मोकळं रान. (सुखी जोडप्यात भर ती काय घालणार?) लोककलावंतांनी हे कधीच ओळखलं होतं. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदी कर्णाच्या अभिलाषेची चक्क कबुली देते.